कऱ्हाड सापडलं एकदाचं (पाऊस-नोंदीचा फॉर्म, पुढचा हप्ता)

सापडलं. आमच्या पाऊस-नोंदीच्या वेब फॉर्मवर गावाच्या रकान्यात 'कऱ्हाड' टाकलं की आता कऱ्हाडच येतं, कीबोर्ड कुठलाही असो. मागच्या हप्त्यात तारखेचं रडगाणं गायलं होतं, ते मिटलं: सकाळी साडेआठला मोजलेला चोवीस तासांचा पाऊस हवामान खात्याप्रमाणे त्याच सकाळच्या तारखेला लावायचा. यावेळचं प्रकरण मात्र भुताटकीचं होतं.

लक्षण असं. कऱ्हाडचे एक पर्जन्यमापकवाले काका सारखे सांगत होते, "अहो, तुमच्या यादीत आमचं गावच नाही." मी इथं साताऱ्यात बसून तेच टाकायचो, यादी लगेच उघडायची. शेवटी त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. रकान्यात स्वच्छ 'कऱ्हाड' आणि त्याखाली 'काही सापडलं नाही'. माझ्या स्क्रीनवरही स्वच्छ 'कऱ्हाड', आणि त्याखाली कऱ्हाड हजर.

पहिला संशय डाउनशिफ्टवर (गावांची यादी दाखवणाऱ्या रकान्याच्या तयार लायब्ररीवर) गेला, पण तो अन्यायच. डाउनशिफ्ट स्वतः गाळणी लावतच नाही, ती आपण लिहायची असते. यादी उघडणं-मिटवणं, बाणाच्या कळा, स्क्रीन रीडरला सांगणं हे त्याचं काम, आणि ते चोख आहे. रिॲक्ट हुक फॉर्मपर्यंत (फॉर्ममधली माहिती सांभाळणाऱ्या लायब्ररीपर्यंत) तर प्रकरण पोचतच नव्हतं. त्याला फक्त निवडलेल्या गावाचा कोड मिळतो. मग फॉन्ट बदलून बघितला. मुक्ता काढून नोटो लावला, चित्र तेच. फॉन्ट चांगला असला की लपलेला फरक आणखीच झाकला जातो, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

मग काकांना म्हटलं, फॉर्ममध्ये टाइप करू नका, तोच शब्द व्हॉट्सॲपवर पाठवा. तो ब्राउझरच्या कन्सोलमध्ये चिकटवला आणि लांबी विचारली. सात! माझ्या यादीतल्या शब्दाची सहा. कोड पॉइंट (युनिकोडनं प्रत्येक अक्षर-चिन्हाला दिलेले क्रमांक) वेगळे करून पाहिल्यावर सगळं उघडं पडलं.

माझ्याकडं क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. यातला ऱ म्हणजे यू+०९३१, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे. काकांच्या फोनचा कीबोर्ड देतो साधा र, हलन्त, त्यामागं न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, मग ह. दोन्हींचं चित्र एकच, तो वाटोळा अर्धा र. आणि दोन्ही कायदेशीर आहेत! युनिकोडनं ऱ-हलन्तवाली रीत मुख्य धरली आहे, पण जॉइनरवाली रीत २.० आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी चालू ठेवली आहे. ती आवृत्ती १९९६ ची. तेव्हाची तडजोड आज माझ्या गावांच्या यादीत येऊन बसली.

सोपा उपाय सगळे सांगतात तो: नॉर्मलाइझ करा, एनएफसी (समतुल्य रीती एकाच रूपात आणणारा युनिकोडचा नियम) लावा. लावलं. इथं एक चकवा आहे, नीट बघा. साधा र आणि खाली वेगळा नुक्ता (टिंब) अशीही एक रीत आहे, तिचीही लांबी सातच. एनएफसी त्या र-नुक्त्याचा मुकाट्यानं ऱ करतं आणि लांबी सहावर येते. चाचणीत हीच रीत वापरली तर वाटतं की जिंकलो. पण जॉइनरवाल्या सातला एनएफसी हातही लावत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबी ती दोन्ही रूपं समतुल्य नाहीतच.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे अदृश्य अक्षरं सरसकट उडवा. हा मराठीत कुणीही करू नये. कोडच्या वेगळ्या शाखेत करून बघितला तर शेऱ्याच्या रकान्यात 'दुसऱ्या दिवशी उघडीप' चं 'दुसर्या दिवशी उघडीप' झालं. जॉइनर गेला की र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो.

शेवटी बसलं ते असं. माणसानं लिहिलेलं जतन करताना फक्त एनएफसी लावायचं आणि र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्याचं ऱ-हलन्त करायचं. शोधासाठी वेगळी किल्ली, म्हणजे फक्त जुळवणीपुरतं शब्दाचं साधं रूप, बनवायची, ती कुणाला दाखवायची नाही. तिच्यात ऱ चा र करा, जॉइनर उडवा, काय वाटेल ते करा. यादीतल्या नावांची किल्ली आधीच करून ठेवली, टाइप केलेल्याची तिथल्या तिथं होते. त्यामुळं 'कर्हाड' असं रफार देऊन लिहिणारेही आपोआप आत आले. 'कराड' मात्र पर्यायी नाव म्हणून हातानंच जोडलं, तिथं ह च नाही. फंक्शन जेमतेम पाच ओळींचं आहे. काका खूश, मी त्याहून खूश.

इंटल कोलेटरही (जावास्क्रिप्टमधलं शब्द ताडून क्रम लावणारं साधन) तपासला. मराठी लोकेल आणि बेस सेन्सिटिव्हिटी (फक्त मूळ अक्षर बघ, बारीक फरक सोड) दिली की ही सगळी ऱ-वाली रूपं त्याला सारखीच वाटतात. झकास चीज, पण तो अख्खा शब्द अख्ख्या शब्दाशी ताडतो. 'कऱ्' एवढ्यावर यादी गाळायला उपयोग नाही. क्रम लावायला ठेवला आहे.

आकड्यांचं थोडक्यात. पावसाच्या रकान्याचा 'टाइप नंबर' काढून टाकला, त्यात देवनागरी आकडे धरत नाहीत. आता साधा टेक्स्ट, इनपुटमोड डेसिमल (फोनवर आकड्यांचा कीबोर्ड यावा म्हणून), आणि हुक फॉर्मच्या सेट-व्हॅल्यू-ॲजमध्ये '१२.५' चा इंग्रजी आकडा. व्हॅल्यू-ॲज-नंबर वापरलंत तर एनएएन ('हा आकडाच नाही') हातात येईल, कारण जावास्क्रिप्टचं नंबर देवनागरी ओळखत नाही. शून्य आणि रिकामं वेगळं ठेवलं आहे. माण-खटावात शून्य हीच बातमी असते. कमाल मर्यादा घातली नाही, महाबळेश्वरवाले हसतील. २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलं की फॉर्म फक्त विचारतो, "नक्की ना?" तिथून पुढं हवामान खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार सुरू होतो.

पुढचा बेत तालुक्यांच्या नकाशाचा होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं: आपला प्रत्येक नोंदवाला वर्षभर एकाच गावचा पाऊस मोजतो. मग रोज गाव शोधायला का लावायचं? पहिल्यांदा निवडलं की लोकल स्टोरेजमध्ये (त्याच्याच ब्राउझरच्या साठ्यात) ठेवा, दुसऱ्या दिवसापासून वर नुसतं गावाचं नाव आणि शेजारी 'बदला'. म्हणजे ज्या रकान्यासाठी एवढी झोप घालवली तो बहुतेकांना आयुष्यात एकदाच दिसणार. असो. शेऱ्यांमध्ये शोध द्यायचा आहे, तिथं 'वाऱ्यासह', 'खोऱ्यात' ढिगानं आहेत, किल्ली वाया जाणार नाही. नकाशा थांबेल, आधी हे फंक्शन वेगळं काढून एमआयटी परवान्यानं मोकळं करतो.

चाचण्यांसाठी नमुने हवेत. आयफोनच्या मराठी कीबोर्डवरून कुणी 'कऱ्हाड' आणि 'दुसऱ्या' टाकून कोड पॉइंट कळवा. स्क्रीनशॉट नको.