तार लावलेला ड्रोन

लालबाग-परळला इंटरनेटच्या लाइनी टाकणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे युक्रेनमधल्या शेतांचे फोटो मोबाइलवर आले, तेव्हा माझी नजर जळक्या गाड्यांच्या आधी गवतावर चमकणाऱ्या धाग्यांवर गेली. फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेची तार! आपण गच्चीवरून खिडकीत सोडतो तेच, फक्त वरचं काळं आवरण नसलेलं.

आधी तिथले एफपीव्ही ड्रोन (ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून बघत उडवायचे) रेडिओवरच चालायचे. चार-पाचशे डॉलरची वस्तू कोट्यवधी रुपयांचा रणगाडा निकामी करायची. मग रेडिओ सिग्नल बंद पाडणारे जॅमर आले; जवळ गेलं की स्क्रीनवर मुंग्या. त्यावर उतारा म्हणून २०२४ पासून ड्रोनला फायबरची रीळ बांधायला लागले. ड्रोन पुढे, तार मागे, दहा-वीस किलोमीटर. सिग्नल काचेतून जातो, त्याला जॅमर काय करणार?

माझा हेल्पर म्हणतो, "दादा, इथे उंदराने दात लावला तरी लाइन बंद पडते, आणि तिथे ती झाडाझुडपांत टिकते?" टिकते, कारण फायबरचा खरा शत्रू ताण नाही, मुरड आहे. उघडं फायबर घट्ट दुमडून बघा, कट्कन तुटेल. शिवाय ड्रोनवरची ती रीळ फिरतच नाही. ती जागेवर असते आणि तार तिच्या टोकावरून अलगद निसटत जाते. अर्थात तार जितकी लांब, तितका बॉम्ब लहान. फुकट काहीच नाही.

टीव्हीवर चर्चा रणगाड्यांची होते. मला विचाराल तर मार बसलाय तो आघाडीच्या मागच्या, रसदीच्या रस्त्याला. २०२५ च्या सुरुवातीला रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत सुद्झाहून युक्रेनच्या सुमीला जाणाऱ्या रस्त्यावर असे रशियन ड्रोन कडेला उतरून गाडीची वाट बघत बसायचे. युक्रेनी सैनिकांचं जेवण, दारूगोळा, जखमी, सगळं त्याच रस्त्याने. आता तिकडे रस्त्यांवर मांडव घातल्यासारखी जाळी टांगतात. त्यातली काही फ्रान्सच्या मच्छीमारांनी पाठवलेली, ससून डॉकला असतात तसलीच. तरी जखमीला हलवायला धुक्याची नाहीतर रात्रीची वाट बघावी लागते.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये लष्करप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून (छोटी तुकडी) आणत असल्याचं सांगितलं. बरं झालं. फायबर तर आपल्या संभाजीनगरलाही बनतं. पण वीस किलोमीटर तार एकही वेढा न चुकता गुंडाळून देणारा कारागीर आणि मशीन कुठे आहे, हे कुणीतरी विचारायला हवं. एक वेढा अडकला की ड्रोन वाटेतच आंधळा.