जानेवारीत सावित्रीबाई, एप्रिलमध्ये बाबासाहेब

डिसेंबर संपत आला की आमच्या शाळेत एक भाषण बाहेर निघतं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, काही पत्ता नाही, बहुतेक व्हॉट्सॲपवरूनच आलेलं असणार, पण दरवर्षी ३ जानेवारीला कोणत्या तरी पोरीच्या हातात तोच कागद असतो आणि तीच वाक्यं, "सावित्रीबाई शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण फेकायचे, दगड मारायचे, म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं न्यायच्या, त्या नसत्या तर आज मी इथे उभी नसते, जय हिंद जय महाराष्ट्र." टाळ्या. मग फोटोला हार, सरपंचांचे दोन शब्द, पोरांना बिस्किटं, आणि बालिका दिन संपला.

मी पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिकवते, राहते अमळनेरला, म्हणजे रोजचं अप-डाऊन. तर भाषणात खोटं काही आहे असं माझं म्हणणं नाही, शेण फेकलं हे खरंच आहे. पण लोक शेण का फेकत होते हे त्या भाषणात कुठेच येत नाही. पोरांना वाटतं की पूर्वीचे लोक अडाणी होते, बाई शिकवते म्हणून चिडले, आता आपण सुधारलो, विषय संपला. जात हा शब्द अख्ख्या भाषणात एकदाही नाही. एकदाही! आणि तो नाही म्हणूनच ते भाषण गावात सगळ्यांना चालतं असं माझं आपलं मत आहे.

कारण मग एप्रिल येतो. ११ ला जोतिरावांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची, आणि तोपर्यंत शाळेत परीक्षेची गडबड सुरू झालेली असते, कार्यक्रम शाळेतून उठून गावात जातो, गावात म्हणजे एका ठराविक गल्लीत. जानेवारीत पुढच्या खुर्चीत बसलेली माणसं तिकडे फिरकत नाहीत, फार तर वर्गणीची पावती फाडतात. म्हणजे नवरा-बायकोचं एकच काम होतं आणि आपण त्याची वाटणी करून टाकली, बायकोच्या वाट्याला मुलींचं शिक्षण, नवऱ्याच्या आणि बाबासाहेबांच्या वाट्याला जात, आणि दोन्हीला मंडप वेगळे.

फुल्यांनी अशी वाटणी कधी केलीच नव्हती. १८४८ ला भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे चारच वर्षांत महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढली, त्याच माणसांनी, त्याच पुण्यात. १८६८ ला घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी उघडा केला. आणि सावित्रीबाईंचं एक पत्र आहे, १८५६ च्या ऑक्टोबरमधलं, आजारी होत्या म्हणून माहेरी नायगावला गेल्या होत्या तिथून जोतिरावांना लिहिलेलं. मला त्यांचं सगळ्यात आवडतं लिखाण हेच. त्यात भाऊ त्यांना टाकून बोलतो की तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी कामं करता, वाळीत पडलात, जातीच्या रिवाजाने वागा आणि भट सांगतील ते ऐका. यावर बाई काय म्हणतात, तर तू गाई-शेळ्यांना जवळ घेऊन कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला धरून दूध पाजतोस, आणि महार-मांग तुझ्यामाझ्यासारखी माणसं, त्यांना मात्र अस्पृश्य समजतोस, याचं कारण काय ते सांग. (शब्द माझे, मुद्दा त्यांचा.) आजारी माणूस, माहेरचं घर, समोर सख्खा भाऊ, आणि आई बाजूला बसून ऐकतेय. रस्त्यावरचं शेण एकवेळ धुता येतं हो, माहेरचं बोलणं कुठे धुणार. आणि त्याच पत्रात शाळेतली त्यांची सहकारी फातिमा शेख हिची काळजी आहे, की माझ्यामागे तिला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही. हे पत्र कोणत्याच पोरीच्या भाषणात का नसतं?

तर या वेळी मी ठरवलं की जुना कागद बाजूला ठेवायचा आणि सातवीच्या वर्गात मुक्ता साळवेचा निबंध वाचायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मुक्ता ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग समाजातली, १४ वर्षांची, तीन वर्षं शिकलेली, आणि तिने लिहिलेला "मांग महारांच्या दुःखाविषयी" हा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापून आला. शाळा चांगली चालली की नाही हे बघायला मला सत्कार-बित्कार लागत नाही, तीन वर्षांत ती पोरगी काय लिहायला लागली ते बघायचं.

आणि लिहिलंय काय! सरळ देवालाच विचारते, की वेद म्हणे ब्राह्मणांचेच, ते बघायचा आम्हाला अधिकार नाही, म्हणजे आम्ही धर्मपुस्तकाशिवायचे, मग आमचा धर्म कोणता ते तरी सांग. असा ज्या धर्मात एकालाच अधिकार आणि बाकीच्यांनी बघत बसायचं तो धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, हेही लिहून मोकळी होते. पंडितांना लाडूखाऊ म्हणते, तिथे माझा वर्ग जो हसला तो थांबेचना. मग ती बाजीरावाच्या राज्यातलं सांगते, तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळायचे, आणि वर्ग आपोआप गप्प झाला. आणि एक जागा आहे जिथे ती बायकांचं लिहिते, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील याचा तुम्ही तुमच्या अनुभवावरून विचार करा. "तुमच्या अनुभवावरून" हे ती वरच्या जातीतल्या बायकांना म्हणतेय असं मला दरवेळी वाटतं. बाई म्हणून त्यांच्याशी बोलतेय आणि जात काय करते तेही दाखवतेय, एकाच वाक्यात. आपल्याला दोन मंडप लागतात.

वाचायच्या आधी स्टाफरूममध्ये एकांनी सुचवलं होतं की मॅडम, निबंध छान आहे, फक्त जातींची नावं गाळून घ्या, "वंचित समाज" म्हणा, उगाच कोणी पालक यायचे. आता शीर्षकातच जात आहे, ती गाळली तर "दुःखाविषयी" एवढंच उरतं, कोणाचं दुःख ते विचारायचं नाही. मी काही गाळलं नाही. पालक आले नाहीत. पण एका पोरीने भर वर्गात विचारलं, "बाई, म्हणजे ते आपल्या गावातल्या खालच्या आळीतले का?" आणि त्या आळीतली पोरगी तिच्या पुढच्याच बाकावर बसलेली. मी म्हटलं हो, तेच, आणि अशी लिहिणारी पोरगी त्या समाजात झाली, तुमच्यामाझ्या समाजात त्या काळात झाली का सांगा. पुढच्या बाकावरची मागे वळून नुसती बघत होती. पुढच्या दोन परिच्छेदांचं वाचन तिने मागून घेतलं, आणि बरं वाचलं, जुनी मराठी असूनही कमी अडखळली.

मग मागून एका पोराचा आवाज, "बाई, ते तं पुनानं शे, आपला आठे आसं काय नही." (म्हणजे ते पुण्याचं आहे, आपल्याकडे असं काही नाही.) हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं. मग त्यांना चाळीसगावचं सांगितलं. चाळीसगाव म्हणजे आमच्या पोरांसाठी पाटणादेवीला जायचं स्टेशन. १९२९ ला बाबासाहेब मुंबई सरकारच्या एका कमिटीचे सभासद म्हणून खान्देशात आले होते, अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला. धुळ्याच्या बाजूच्या एका गावात बहिष्काराचं प्रकरण होतं, ते बघून परत चाळीसगाव स्टेशनवर उतरले. लोक हार घेऊन उभे. महारवाडा दोनेक मैलांवर, नदी ओलांडून जायचं. स्टेशनवर टांगे होते पण एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार होईना, टांगा भाड्याने देतो पण हाकणार नाही म्हणे. आणि लोकांना वाटलं की आपल्या साहेबांना पायी कसं न्यायचं, म्हणून टांगा घेतला आणि त्यांच्यातलाच एक जण हाकायला बसला, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, घोडा आणि टांगा खाली नदीत, आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. कोलंबियाची डॉक्टरेट, लंडनची डॉक्टरेट, बॅरिस्टर, आणि टांगेवाल्याच्या हिशोबात तो त्यांच्यापेक्षा वरचा.

मुक्ताच्या निबंधानंतर ७४ वर्षांनी. मुक्ताने निबंधात आपल्या लोकांना सांगितलंय की तुम्ही रोगी आहात, ज्ञानाचं औषध घ्या. बाबासाहेबांनी तर त्या औषधाच्या बाटल्याच्या बाटल्या रिचवल्या होत्या, तरी पाय मोडला, कारण आजार टांगेवाल्याला होता आणि औषध भलताच माणूस घेत होता. फळ्यावर काही लिहिलं नाही, पण त्या पोराने परत "आपला आठे" म्हटलं नाही.

अमळनेरकर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे साने गुरुजींना असंच छाटून घेतलंय. प्रताप हायस्कूलचे प्रेमळ मास्तर, आईवर माया करणारे, डोळ्यांत पाणी आणणारे, एवढंच. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून हाच माणूस पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसला होता आणि त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर त्यासाठी हिंडला होता, हे जयंतीच्या भाषणात एका ओळीत उरकतात.

आता थोडं आमच्या, मास्तर लोकांच्या अंगावर येणारं. १८८२ ला शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे जोतिरावांनी जे निवेदन दिलं त्यात मास्तरांवर बरंच आहे. रयतेच्या घामातून सरकारची तिजोरी भरते आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यातला मुख्य संताप, मग बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मुलींच्या शाळा वाढवा, आणि महार-मांगांच्या पोरांना बाकीच्यांबरोबर बसू देत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी सोय करा. आणि मास्तर कसा हवा, तर शक्यतो शेतकरी वर्गातला, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचं तासणं हातात धरायला न लाजणारा, लोकांत मिसळणारा, अंग चोरून लांब न बसणारा. पगारसुद्धा सांगितलाय, बारा रुपयांपेक्षा कमी नको. म्हणजे नुसतं "शिका" म्हणून हा माणूस थांबला नाही, पैसे कुठून येतात, कुठे जातात, कोण शिकवणार, त्याला काय देणार, सगळं मांडलं.

आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातल्या पोरी गायब होतात. काही वेचायला जातात, काही लहान भावंड सांभाळायला घरी, काही तर आईबापांबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते त्यामुळे थांबवता पण येत नाही. कोणाच्या घरी गेलं की आजी म्हणते, "आंडेरले शिकाडीसन काय कलेक्टर करनी शे का?" (पोरीला शिकवून काय कलेक्टर करायचंय का?) आणि ती हसते, मी पण हसते. पण हजेरीपटावर बोट फिरवलं की दिसतं, गैरहजर पोरी कोणत्या आळीच्या जास्त आहेत. शेती ज्यांची आहे त्यांच्या पोरी बऱ्यापैकी येतात, तालुक्याला क्लासलाही जातात. ज्यांची नाही त्यांच्या पोरी त्या शेतवाल्यांच्याच शेतात कापूस वेचतात. इथे "मुलींचं शिक्षण" आणि "जात" वेगळं कसं काढणार तुम्ही? मला तरी येत नाही.

तर आता झालंय असं की त्या पुढच्या बाकावरच्या पोरीला मुक्ताचा निबंध पाठ करून १४ एप्रिलला चौकात म्हणायचाय. जयंती कमिटीतल्या पोरांशी बोलले, ते एकदम तयार, फक्त डीजेच्या आधी पाच मिनिटं म्हणतात, निबंधाला त्याहून जास्त लागतात, तिथे भांडण चालू आहे. मी दुसरीकडे एक खडा टाकून ठेवलाय, शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये म्हटलं की ३ जानेवारीला जे पाहुणे खुर्चीत होते त्या सगळ्यांना शाळेच्या लेटरहेडवर १४ तारखेचं निमंत्रण द्यायचं, विद्यार्थिनीचा कार्यक्रम आहे म्हणून. अध्यक्ष म्हणाले बघू. सरपंच म्हणाले वेळ किती वाजताची आहे ते कळवा. मुख्याध्यापकांची सही अजून बाकी आहे, सोमवारी परत विचारणार.