पांढऱ्या डागांवरच्या गोळ्यांची चाचणी: एका तारखेसाठीचे हेलपाटे

कोडावरच्या गोळीच्या चाचणीत घेण्याआधी मला सांगितलं, शेवटचा लाइट (कोडावर देतात तो अतिनील किरणांचा उपचार) कधी घेतला, ती तारीख लेखी आणा. एवढ्याशा कागदासाठी आमच्या भागातल्या लाइट देणाऱ्या एका केंद्राने मला जे हेलपाटे घालायला लावले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी चाळीसगावची. कोड चेहरा, हात, पोट, पाय असं सगळीकडे पसरलेलं. बोटांसकट आपला तळवा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. त्या हिशोबाने माझं दहाच्या बरंच वर. अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळालेलं रुक्सोलिटिनिबचं मलम अंगाच्या १० टक्क्यांपर्यंतच लावायचं असतं. म्हणून नाशिकला पोटातून घ्यायच्या गोळीची चाचणी आहे कळल्यावर मी नाव दिलं. आपल्याच पेशी रंग बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. त्या हल्ल्याचा इशारा जेएके नावाच्या प्रथिनांमार्फत पोचतो आणि गोळी तिथेच अडवते.

रक्त, ईसीजी, सगळं सुरळीत झालं. मग तारीख. लाइट नुकताच घेतलेला असेल तर रंग त्याने आला की गोळीने, हे कळणार कसं? त्यामुळे मध्ये ठरावीक आठवडे जावे लागतात, आणि त्याला पुरावा हवा. मागणी रास्तच होती.

केंद्रावर कंपाउंडर म्हणाला, "ताई, रजिस्टर डॉक्टरसाहेबांच्या घरी आहे, सोमवारी या." सोमवारी डॉक्टर जळगावला. पुढच्या वेळी म्हणे जुनं रजिस्टर सापडत नाही, "तुम्हीच अंदाजे टाका ना." चाचणीच्या नाशिकच्या मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, अंदाज चालणार नाही, सही-शिक्का हवा. या सगळ्यात तपासण्यांची मुदत उलटली आणि रक्त पुन्हा द्यावं लागलं. पेशंटने पैसे मोजून उपचार घेतले, तर त्याची नोंद मागणं हा काय उपकार आहे?

शेवटी ठरवलं, आज कागद घेतल्याशिवाय उठायचं नाही. दुपारी डॉक्टर आले. प्रत्येक लाइटचे पैसे मी फोनवरूनच भरले होते. त्या नोंदी पुढे ठेवल्या. पाच मिनिटांत दाखला मिळाला! परतताना रिक्षात मला रडू आलं, पण आनंदाचं.

तेव्हा लाइट असो की कोडावर आठवड्यातून दोन दिवस घ्यायची बेटामेथासोन या स्टेरॉइडची गोळी, तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.

आता चाचणीची गोळी सुरू आहे. खरी की नुसतीच दिसायला तशी, हे मलाही ठाऊक नाही आणि तिथल्या डॉक्टरांनाही नाही. चेहऱ्यावर रंग आधी येतो, हाताच्या बोटांवर सगळ्यात उशिरा. महिनोन्‌महिने धीर धरावा लागतो.

टीबीचं राहिलंच. अंगात दबलेला टीबी या गोळ्यांनी डोकं वर काढू शकतो, म्हणून घरात कुणाला झाला असेल तर लपवू नका. संमतीपत्र मराठीतूनच मागा आणि घरी आणून वाचा. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं. औषधाने इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. संमतीपत्रावर नैतिक समितीचा, म्हणजे चाचणीतल्या लोकांचे हक्क जपणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, तो वेगळा उतरवून ठेवा.