सफरचंदं, कुत्रा आणि लांडगा

फ्रेंच कादंबरी इंग्रजीत आणताना एखादा अलंकारिक प्रयोग अडला की हात लगेच इंग्रजी वाक्प्रचारांच्या कोशाकडे जातो. थांबा. आधी बघायचं ते एवढंच: फ्रेंच वाचकाला तिथे चित्र दिसतं, की ते वापरून वापरून गुळगुळीत झालंय?

'तोंबे दां ले पोम' म्हणजे शब्दशः सफरचंदांत पडणं. फ्रेंच माणसाला त्यात सफरचंद दिसतच नाही, कोणीतरी चक्कर येऊन पडलेलं दिसतं. प्रयोग घरगुती बोलीतला, म्हणून 'पास आउट' बरं. 'स्वून' लिहिलंत तर अर्थ बरोबर येतो, पण पात्राची भाषा उगाच नटते.

'आंत्र श्यँ ए लू', शब्दशः कुत्रा आणि लांडगा यांच्यामध्ये, इतकं सोपं नाही. कुत्रा की लांडगा हे ओळखू येऊ नये इतक्या अंधुक उजेडाची वेळ, म्हणजे कातरवेळ. लेखकाला फक्त वेळ सांगायची असेल तर 'डस्क' पुरतं. ('ग्लोमिंग' टाळा, त्याला स्कॉटलंडचा वास येतो.) पण पुढच्याच परिच्छेदात दारात अनोळखी माणूस उभा असेल आणि तो मित्र की वैरी हे कळत नसेल, तर लेखकाने झोपलेलं चित्र मुद्दाम जागं केलंय. तिथे 'डस्क' लिहिलं की ती शंका निराधार वाटते. मग 'द अवर बिट्वीन डॉग अँड वुल्फ' असं जसंच्या तसं ठेवता येतं. किंवा 'डस्क, व्हेन अ डॉग माइट बी अ वुल्फ' असं अर्ध्या उपवाक्यात उरकायचं. मला दुसरं आवडतं. मात्र अर्ध्याच्या पुढे गेलात की भाषांतराची तळटीप होते. म्हणून अडलेलं वाक्य सोडवण्याआधी मागचे-पुढचे दोन परिच्छेद वाचायचेच.

जुन्या मजकुराला आजचा कोश पुरत नाही. 'काफार' म्हणजे झुरळ, आणि 'आव्वार ल काफार' म्हणजे मन उदास असणं. पण जुन्या फ्रेंचमध्ये 'काफार' हा ढोंगी धार्मिक माणूसही असतो. तिथे 'ब्लूज' लिहिणं म्हणजे वाक्याचा खूनच. एकोणिसाव्या शतकासाठी लित्रेचा, म्हणजे त्याच शतकातला फ्रेंच शब्दकोश उघडा.

'स्प्लीन' तर मुळात इंग्रजीतूनच फ्रेंचमध्ये गेलेला शब्द. फ्रेंच कवी बोदलेरच्या १८५७च्या कवितासंग्रहात तो जगण्याचा जडशीळ कंटाळा आहे. इंग्रजीत परत आणला की आजच्या वाचकाला त्यात चिडचिड ऐकू येते. सारखाच दिसतो, म्हणून जास्त फसवतो.

व्याकरणातलं लिंग शेवटी लक्षात येतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. 'ला मॉर' म्हणजे मृत्यू फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे, आणि विळा घेऊन येणारी 'ला फोशझ'ही बाईच. इंग्रजीतला विळा घेतलेला मृत्यू, 'ग्रिम रीपर', बहुधा पुरुष. मृत्यू प्रेयसीसारखा वाट पाहत असेल तर पहिल्याच उल्लेखात 'शी' ठरवून टाका, कारण चाळीस पानांनंतर तो बदल करायचा तर मधलं प्रत्येक सर्वनाम पुन्हा तपासावं लागतं.