पहिला बो (धनुष्य) हलकाच द्या

शनिवारी तिरंदाजीच्या रेंजवर १४ वर्षांची एक मुलगी आली, आईसोबत. आधी कोणीतरी तिच्या हातात भावाचाच जड बो दिलेला, ओढता आला नाही म्हणून तिने ठरवूनच टाकलं की हे आपल्याला जमणारं नाही. मला याचाच खूप राग येतो! मी आधी डोळा बघितला, दोन्ही तळहातांच्या त्रिकोणातून लांबचा खांब बघायचा अन् एकेक डोळा मिटायचा, तर तिचा डावा डोळा डॉमिनंट, म्हणजे नेम धरणारा, निघाला, म्हणजे बो पण डावखुराच हवा होता. मग ओढायला फक्त १५ पाउंड जोर लागेल असा दिला, टार्गेट अगदी जवळ, सहावा बाण पिवळ्यात, म्हणजे मधल्या गोलात!

इथे विस्कॉन्सिनमध्ये बायकांना असं शिकवायची शिबिरं १९९१ मध्ये स्टीव्हन्स पॉइंटच्या युनिव्हर्सिटीतून सुरू झाली, मीही अशाच एका बाईच्या हाताखाली शिकले. या मुलीला हरणाच्या शिकारीला जायचंय, पण त्याला ताकद अन् नेम दोन्ही पक्के लागतात, नाहीतर जनावर जखमी होऊन तडफडतं, म्हणून घाई अजिबात नाही.

जाताना तिला आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीचा फोटो दाखवला, २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी कंपाउंडची (चाकं लावलेल्या धनुष्याची) वर्ल्ड चॅम्पियन. बराच वेळ बघत राहिली, मग विचारलं, उद्या पण येऊ का?