क्योतोतलं काइसेकी आणि हामोचा मोसम

जुलैत क्योतोला जाणार असाल तर बाकी कुठेही हात आखडता घ्या, पण एक जेवण काइसेकीचं, म्हणजे एकामागून एक छोटे पदार्थ येणाऱ्या पारंपरिक जपानी मेजवानीचं, कराच. रात्रीचं परवडत नसेल तर दुपारी जा. बऱ्याच ठिकाणी दुपारचं पान पुष्कळ स्वस्त असतं.

आम्ही क्योतोच्या गिओन भागातल्या एका जुन्या घरात जेवलो, तेही मुद्दाम आचाऱ्यांच्या समोरची जागा मागून घेऊन. इथे काय हवं ते कुणी विचारत नाही. मोसम आणि त्या दिवशीचा बाजार पाहून पान ठरतं, आणि जुलैत त्या पानात हामो हा मासा असणारच.

हामो आपल्या वामेच्या कुळातला. काटे इतके बारीक आणि इतके जास्त, की वेचून काढणं अशक्य. म्हणून आचारी जड सुरीने साधारण 3 सेंटीमीटरमध्ये 24 छेद देतात, काटे चिरले जातात आणि खालची साल मात्र शाबूत राहते. सुरीचा तो एका लयीतला शर्र शर्र आवाज ऐकत मी हातातला चहाही विसरले. समुद्रापासून लांब असलेल्या या शहरात पूर्वी भर उन्हाळ्यात जिवंत पोचायचा तो हाच चिवट मासा, त्यामुळे इथल्या जुलैतल्या गिओन उत्सवाला हामोचा उत्सवही म्हणतात.

मग लाखेचं झाकणबंद वाडगं आलं. कडा दोन्ही बाजूंनी किंचित दाबल्या की झाकण सुटतं. आत दाशी नावाचा नितळ रस्सा, त्यात गरम पाण्यात पडताच पांढऱ्या फुलासारखा उमललेला हामो, वर युझू या जपानी लिंबाची हिरवी साल. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस, एवढ्यावर ही दाशी होते. तेल नाही, फोडणी नाही. पहिला घोट मला फिकाच लागला, पण वाडगं संपेपर्यंत चव चढत गेली. माझ्या मते काइसेकीची खरी परीक्षा याच वाडग्यात होते.

पुढे मिठात भाजलेला आयू हा नदीतला मासा आला, पोहताना दिसावा तसा सळईवर वळवलेला. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, लावलेलं गोल कामो वांगंही झकास. शेवटी भात, मिसो सूप, लोणची.

शाकाहारी मंडळींनी मात्र नुसत्या भाज्या पाहून फसू नये, दाशीत मासा असतो. त्यांनी क्योतोच्याच आराशियामा भागात तेनर्यूजी या बौद्ध देवळाच्या आवारातल्या शिगेत्सु या उपाहारगृहात शोजिन, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी, जेवण घ्यावं.