पाठ बास्केटकडे

माझा भाचा १७ वर्षांचा असून मुंबईतल्या नागपाड्याच्या कोर्टवर रोज संध्याकाळी बास्केटबॉल खेळतो, तोही सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, म्हणून. गेल्या वर्षीपर्यंत त्याचा पोस्टमधला, म्हणजे रिंगजवळ बास्केटकडे पाठ करून केलेला, सारा खेळ केवळ उंचीवर चालत असे. पास मिळाला की तो चेंडू कंबरेपर्यंत खाली आणायचा आणि तेवढ्यात एखादा बुटका गार्ड तो अलगद टिपून न्यायचा. आता तो चेंडू हनुवटीखाली, कोपरे बाहेर काढून धरतो, गुडघे वाकवून बचावपटूला पाठीवर घेतो आणि त्याचा भार कोणत्या बाजूला आहे हे जाणवेपर्यंत चक्क थांबतो.

हे थांबणे मला ड्रॉप-स्टेपपेक्षाही, म्हणजे एक पाय मागे टाकून बास्केटकडे वळण्यापेक्षाही, मोलाचे वाटते, कारण ३.०५ मीटर उंचीवरच्या रिंगखाली ३ सेकंदांच्या नियमामुळे (चढाई करणाऱ्याने रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात त्याहून जास्त वेळ थांबायचे नाही) मुलांना उगाच घाई सुटते; वास्तविक रंगवलेल्या पट्ट्याच्या बाहेर, ब्लॉकच्या, म्हणजे पट्ट्याच्या रेषेवरील खुणेच्या, कडेला पाय रोवले तर तो नियम आड येत नाही.

त्याला मी हकीम ओलाजुवॉनच्या जुन्या चित्रफिती दाखवल्या. नायजेरियात फुटबॉलचा गोलरक्षक राहिलेल्या या खेळाडूने १९९४ आणि १९९५ साली ह्यूस्टन रॉकेट्स या संघाला अमेरिकेतील एनबीए स्पर्धेचे विजेतेपद मिळवून दिले, ते मुख्यतः पायांच्या हालचालींच्या जोरावर. भाच्याने खांद्याची हुलकावणी लगेच उचलली; पिव्हट पाय, म्हणजे वळताना जमिनीवर रोवून ठेवायचा पाय, मात्र अजून घसरतो आणि ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू न टप्पावता पाय हलवल्याच्या चुकीची, शिट्टी वाजते. डाव्या हाताच्या हुक शॉटबद्दल (हात डोक्यावरून कमानीसारखा फिरवून मारलेला फटका) तूर्त न बोललेलेच बरे.